दोन बोटं डावीकडे

१

रविवारी सकाळी सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी कालव्याजवळच्या उजव्या वळणावर एक जुनी, बदल केलेली गाडी मोरीच्या कठड्याला धडकून उलटली. चालवणारा जागीच गेला. वय सव्वीस. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. रस्ता कोरडा होता आणि समोरून काही येत नव्हतं. कालव्याचा चौकीदार तेव्हा दात घासत होता. आवाज ऐकल्यावर त्याने आधी चूळ भरली आणि मग घड्याळ पाहिलं, त्यामुळे वेळेत मिनिटाचा फरक धरायला हवा.

सोमवारी दुपारी गाडी पोलीस ठाण्यामागच्या आवारात चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. वाहन निरीक्षक बाई आल्या तेव्हा हवालदाराने त्यांना खुर्ची दिली. त्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली आणि स्वतः गाडीखाली शिरल्या. पिशवीत सुताचा गुंडा, ओळंबा, खडू आणि पोलादी पट्टी होती. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तीनशेच्या वर मोडक्या गाड्या पाहिल्या होत्या. अहवालाचा नमुना मात्र तोच होता, त्यात शेवटी दोन रकाने. पहिला, यांत्रिक दोष होता की नव्हता. दुसरा, असल्यास कोणाच्या हातून. दुसऱ्या रकान्यात नाव लिहिलं गेलं की त्या नावावर गुन्हा दाखल होतो. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता.

गाडी मूळची साधी, चार दारांची. मृताच्या वडिलांनी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये तिला मोठं इंजिन बसवलं होतं, तिचं बूड चार बोटं खाली आणलं होतं आणि मागचा आस काढून दुसऱ्या गाडीचा जाड आस घातला होता. कागदपत्रं सगळी होती. हा आस दोन लोखंडी दांड्यांनी गाडीच्या सांगाड्याला धरलेला होता, एक डावीकडे, एक उजवीकडे. दांडीच्या टोकाला आटे. ती फिरवली की लांबी वाढते किंवा कमी होते. दोन्ही चाकं एका रेषेत असली तर गाडी सरळ जाते. एक चाक पुढे आणि एक मागे राहिलं तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि चालवणाऱ्याला स्टीअरिंग वाकडं धरून तिला सरळ ठेवावं लागतं.

बाईंनी सांगाड्यातली कारखान्याची दोन मूळ छिद्रं शोधली, तिथून ओळंबा सोडला आणि फरशीवर खडूने खुणा केल्या. मग मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून तसंच केलं. सूत ताणलं.

डावं मागचं चाक उजव्यापेक्षा बारा मिलिमीटर मागे होतं.

‘त्यात काय मॅडम,’ हवालदार म्हणाला, ‘कठड्याला तोच कोपरा बसलाय. गेलं असेल चाक मागे.’

‘गेलं असेल,’ बाई म्हणाल्या.

त्या उठल्या आणि चालकाच्या दारातून आत वाकल्या. स्टीअरिंगच्या माथ्यावर कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा होता. शर्यतीच्या गाड्यांत तो लावतात, चाकं सरळ आहेत हे एका नजरेत कळावं म्हणून. हा तुकडा कोरा करकरीत होता. त्याच्या डावीकडे, दोन बोटांवर, आणखी एका चिकटपट्टीचा डिंक राहिला होता. बाईंनी त्याला बोट लावलं. डिंक अजून चिकट होता आणि त्यावर धूळ बसलेली नव्हती.

चिकटपट्टी काढून दुसरीकडे लावली होती, आणि तेही अगदी नुकतंच.

२

वर्कशॉप उघडं होतं. मालकाला सगळे आप्पा म्हणत, मुलंही आणि गिऱ्हाइकंही. आप्पा एका स्टुलावर बसले होते. त्यांची मुलगी, थोरली, एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे ब्रेक बदलत होती. धाकटा भाऊ जाऊन दुसरा दिवस होता. भिंतीवर खिळ्याला त्याचा निळा डगला टांगलेला होता आणि डगल्याच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर तसाच होता.

‘ही गाडी आज द्यायची कबूल केलीय,’ थोरली म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

बाईंनी आप्पांना विचारलं, मागचा आस कोणी बसवला?

‘मी. वेल्डिंग माझं, मापं माझी. पाच महिने झाले.’

‘डावं चाक बारा मिलिमीटर मागे आहे.’

‘कशाने मोजलंत?’

‘सुताने.’

‘सुतावरून स्वर्ग गाठणार का बाई?’ आप्पा हसले नाहीत. ‘आपटलेली गाडी आहे. सूत काय, काहीही सांगेल. दांड्या मोजा. दोन्ही दांड्या सारख्या आहेत. केसाचा फरक निघाला तर मी वर्कशॉपला कुलूप लावतो.’

त्यांनी मागे हात नेला आणि न पाहता फळीवरून एक पितळी पट्टी उचलली. तिला दोन खुंट्या होत्या. एक खुंटी दांडीच्या एका टोकाच्या भोकात घालायची, दुसरी दुसऱ्या टोकाच्या भोकात अलगद उतरली पाहिजे. उतरली नाही तर लांबी चुकली. हे माप त्यांनी स्वतः घडवलं होतं. खुंट्या वापरून गुळगुळीत झाल्या होत्या.

‘आणि नट आवळला की वर पिवळा पट्टा ओढायचा, नटावरून दांडीवर. नट हलला तर पट्टा तुटतो. पट्टा मारल्याशिवाय तो नट माझा नाही.’

‘शनिवारी संध्याकाळी गाडी इथेच होती?’

‘इथेच. रविवारी सकाळी त्याची शर्यत होती. जुन्या धावपट्टीवर. आठला हजेरी.’

‘निघताना तुम्ही भेटलात?’

‘झोपलो होतो,’ आप्पा म्हणाले. ‘पाठीमागची खोली माझी, वरची त्याची. तो कधी गेला मला माहीत नाही.’

फोन वाजला. भिंतीच्या खांबावर तारेचा जुना फोन होता, काळा. आप्पांनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि दुसऱ्या घंटेला उचलला. गिऱ्हाईक होतं. ‘आज बंद आहे,’ असं सांगून त्यांनी ठेवला. शटर उघडं होतं आणि थोरली ब्रेक बदलत होती.

‘मोबाइल नाही वापरत?’ बाईंनी विचारलं.

‘त्याला बटणं कुठे असतात?’ आप्पा म्हणाले. ‘काच कुरवाळत बसायची.’

निघताना बाईंनी थोरलीला बाजूला घेतलं. त्या दांड्यांना तिने कधी हात लावला होता का?

‘नाही,’ थोरली म्हणाली. तिने पाना खाली ठेवला नाही.

३

आप्पांचा जावई, थोरलीचा नवरा, गाड्या रंगवायचा. त्याची रंगाची खोली वर्कशॉपच्या मागच्या अंगाला होती. तो आणि थोरली दहा मिनिटांवर भाड्याने राहत, पण दिवस इथेच जाई.

‘विचारा,’ तो म्हणाला. ‘माझं आणि त्याचं भांडण झालं होतं, हे तुम्हाला बाहेरच कळलं असेल. गल्लीला दुसरं काय काम आहे?’

‘कशावरून?’

‘गाडीवरून. मी म्हणायचो, विकून टाक. किंवा निदान शर्यतीत नेऊ नको. म्हातारा तिच्यापायी महिनोन्महिने गाडीखाली पडून असतो. तो म्हणायचा, भावजी, तुम्ही दारं रंगवा.’ जावयाने बोटांवरचा रंग पुसला. ‘मी रंगवली ना. दोनदा रंगवली. पहिल्यांदा त्याला निळा आवडला नाही.’

‘शनिवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?’

‘इथे सातपर्यंत. मग घरी. बायको माझ्या आधी गेली होती, सहाला. धाकटा सातच्या सुमाराला टायरमध्ये हवा भरून आला, गाडी आत लावली आणि मित्रांकडे गेला. मी शटर अर्धं ओढून निघालो.’

‘म्हणजे नंतर फक्त आप्पा.’

‘आप्पा आणि तो. पण तो किती वाजता आला कोणाला ठाऊक. मला या घरातलं काही विचारू नका मॅडम. जावई म्हणजे स्टेपनी. डिकीत पडून असतो, पंक्चर झालं की आठवतो.’

बाईंनी पिवळ्या रंगाबद्दल विचारलं. जावयाने फळीकडे बोट दाखवलं. छोटा डबा, वर ब्रश.

‘हा कोणाच्या हातात असतो?’

‘तिघांच्याही. आप्पा, थोरली, धाकटा. मी नाही वापरत, मला नट आवळू देत नाहीत.’ मग तो म्हणाला, ‘एक आहे. रविवारी सकाळी पोलिसांचा फोन आल्यावर आम्ही धावत आलो. तेव्हा मी हा डबा पाहिला. झाकण उघडं, ब्रश रंगातच ठेवलेला. असं इथे कोणी करत नाही. ब्रश धुतल्याशिवाय आप्पा जेवत नाहीत.’

‘मग?’

‘मग काय. मी झाकण लावलं. त्या वेळी हाताला काहीतरी काम हवं होतं.’

शनिवारी रात्री कोणीतरी एक नट आवळून वर पट्टा मारला होता आणि ब्रश धुवायला विसरलं होतं.

४

मंगळवारी बाई पुन्हा गाडीखाली गेल्या. या वेळी त्यांनी टॉर्च आणि दात घासायचा एक जुना ब्रश नेला. एक एक गोष्ट त्या वहीत लिहीत गेल्या आणि प्रत्येक ओळीखाली रेघ मारत गेल्या. हवालदार शेजारी उकिडवा बसला होता.

डावी दांडी वाकलेली नाही. तिच्या टोकांची रबरं फाटलेली नाहीत. सांगाड्यावरच्या ज्या ब्रॅकेटला ती जोडली आहे त्याच्या वेल्डिंगवरचा काळा रंग कुठेही तडकलेला नाही. धक्क्याने चाक बारा मिलिमीटर मागे गेलं असतं तर यातलं काहीतरी वाकायला, फाटायला किंवा तडकायला हवं होतं. कठड्याने पत्रा आणि चाकाची कड खाल्ली होती, आसापर्यंत मार पोचलाच नव्हता.

म्हणजे आस धडकेच्या आधीच वाकडा होता.

मग त्यांनी दांड्या मोजल्या. डावी चारशे बारा, उजवी चारशे बारा. आप्पा खरं बोलले होते, केसाचाही फरक नव्हता.

‘दांड्या सारख्या आणि चाक मागे?’ हवालदार म्हणाला. ‘हे कसं काय?’

बाईंनी सांगाड्यातल्या मूळ छिद्रापासून ब्रॅकेटपर्यंत पट्टी लावली. उजवीकडे एक आकडा आला. डावीकडे त्यापेक्षा बारा जास्त. त्यांनी तीनदा मोजलं. डावा ब्रॅकेटच बारा मिलिमीटर मागे वेल्ड केला होता. काम देखणं होतं, सांध्यावरचे धातूचे मणी एकसारखे, कुठे खळगा नाही. फक्त जागा चुकली होती.

‘मग संपलं की मॅडम. म्हाताऱ्याचं वेल्डिंग. पाच महिने पोरगा वाकड्या गाडीत फिरला, रविवारी बाराच्या भावात गेला.’ मग त्याला स्वतःलाच ते बरं वाटलं नाही आणि तो खाली पाहू लागला.

 बाई मागच्या टायरवरून तळहात फिरवत होत्या, एकदा पुढे, एकदा मागे. वाकड्या आसाची गाडी चालली की टायर रस्त्यावर थोडा घासत चालतो आणि त्याच्या नक्षीला एका बाजूने करवतीसारखी धार येते. एका दिशेने हात गुळगुळीत जातो, उलट नेला की खरखरतो. हे टायर आस बसवला तेव्हाच घातलेले होते, बिलावर तारीख होती. पाच महिन्यांत अर्धी नक्षी झिजली होती.

हात दोन्ही बाजूंनी सारखाच गेला.

ही गाडी पाच महिने सुतासारखी सरळ चालली होती.

५

‘तू इकडे ये,’ बाई हवालदाराला म्हणाल्या, ‘आणि आटे बघ.’

उजव्या दांडीच्या उघड्या आट्यांवर चिखल आणि ग्रीस यांचा काळा थर होता, पाच महिन्यांचा. डाव्या दांडीवरही होता, पण सगळीकडे नव्हता. नटाजवळचे आठ आटे लख्ख होते. ते इतके दिवस आत होते आणि आता बाहेर आले होते. एका आट्याला दीड मिलिमीटर. आठ आटे म्हणजे बारा.

उजवा पिवळा पट्टा मळलेला होता. डावा ताजा होता, आणि सरळ नव्हता. तो दांडीवर सुरू झाला होता, नटाच्या कोपऱ्याला शिवला होता आणि पुढे हवेत गेल्यासारखा ब्रॅकेटवर उतरला होता. नटाचा चपटा भाग कोराच राहिला होता.

बुधवारी सकाळी बाई थोरलीच्या भाड्याच्या घरी गेल्या. थोरली ओट्याशी उभी होती. तिने चहा केला आणि तो ओतायचा राहून गेला.

‘पाच महिने डावी दांडी आठ आटे आखूड होती,’ बाई म्हणाल्या. ‘ब्रॅकेट मागे होता, म्हणून कोणीतरी दांडी आखूड करून चाक पुढे ओढलं होतं. आस त्यामुळे सरळ बसला. हे सुताने मोजूनच करता येतं. आप्पांनी सूत लावलं नव्हतं.’

थोरलीने गॅस बंद केला.

‘मी लावलं,’ ती म्हणाली. ‘मी आणि धाकट्याने. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. आप्पा दवाखान्यात गेले होते.’

‘डोळ्यांसाठी?’

‘तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘त्यांच्या फोनने सांगितलं. आणि पितळी मापाने. ते माप बोटांनी कळतं. सुताला डोळे लागतात.’

थोरली खुर्चीवर बसली. तिचं बोलणं सपाट होतं, पत्ता सांगावा तसं.

‘दोन वर्षं झाली. मधलं दिसतच नाही त्यांना, कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले परत येणार नाही. ते आम्हाला बोलले नाहीत, आम्ही त्यांना बोललो नाही. घरात सगळ्यांना माहीत आणि कोणालाच माहीत नाही. वेल्डिंग अजून हाताच्या सवयीने करतात, तुम्ही बघितलंत ना, कसं आहे. फक्त जागा चुकली. आता तुमचं वेल्डिंग चुकलं हे त्यांना कोण सांगणार? झाकली मूठ म्हटलं. आठ आटे फिरवले, पट्टा मारला, संपलं. धाकटा म्हणाला, ताई, गाडी पण सरळ आणि आप्पा पण.’

‘मग शनिवारी रात्री काय झालं?’

थोरलीने वर पाहिलं.

‘मी केलं,’ ती म्हणाली. ‘शनिवारी. मला वाटलं ब्रॅकेट कापून नीट करू, म्हणून दांडी मोकळी केली आणि परत लावताना चुकून सारखी लावली. लिहा तसं. माझं नाव लिहा.’

६

बाईंनी वही उघडली नाही.

‘तुम्ही सहाला घरी गेलात. गाडी सातला आत आली.’

‘मी परत गेले असेन.’

‘तुमचे पट्टे मी वर्कशॉपमधल्या चार गाड्यांवर पाहिलेत. पट्टीने मारल्यासारखे आहेत. शनिवारचा पट्टा नटाला धड लागलासुद्धा नाही.’

थोरली नखातलं ग्रीस खरवडू लागली.

‘दुसरी गोष्ट. तुम्हाला आणि धाकट्याला ठाऊक होतं की दांड्या सारख्या नाहीत आणि सारख्या करायच्याही नाहीत. जावयाला पाना धरू देत नाहीत. मग सोमवारी, कोणी गाडीखाली जायच्या आधी, मला छातीठोकपणे कोणी सांगितलं की दोन्ही दांड्या सारख्या आहेत?’

‘आप्पांनी,’ थोरली म्हणाली.

‘पाच महिने त्या सारख्या नव्हत्या. सोमवारी होत्या. पाच महिन्यांपूर्वीच्या मापावर कोणी कुलपाची पैज लावत नाही, आणि तो तिरका पट्टा न दिसणाऱ्या माणसाचा आहे. शनिवारी रात्री मुलाच्या शर्यतीआधी ते शेवटची तपासणी करायला खाली गेले. हातात पितळी माप. डाव्या दांडीत खुंटी उतरेना. त्यांना वाटलं असणार, धाकट्याने काहीतरी उद्योग केलाय, किंवा नट सैल होऊन फिरलाय. त्यांनी आठ आटे सोडले. खुंटी उतरली. नट आवळला, पट्टा मारला. ब्रशाचं त्यांना दिसलं नसेल, किंवा दमले असतील.’

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती पाचव्या लाथेला सुरू झाली.

‘त्यांनी मापात चूक केली नाही,’ थोरली म्हणाली.

‘नाही. माप बरोबर होतं.’

‘म्हणजे मी त्यांना सांगितलं असतं तर.’

 अहवालात तसा रकाना नव्हता.

‘उजव्या वळणावर असा आस मागचं अंग डावीकडे ढकलतो,’ बाई म्हणाल्या. ‘हळू चालवली तर जाणवतं आणि निभतं. वेगात निभत नाही. किती वेग होता ते कळायला मार्ग नाही, ब्रेकच्या खुणा अपुऱ्या आहेत. तेव्हा गाडी केवळ यानेच गेली असं मी लिहू शकत नाही. दोष होता एवढं लिहू शकते. आणि कोणाच्या हातून, ते लिहावं लागतं.’

‘त्यांना अजून माहीत नाही,’ थोरली म्हणाली. ‘ते त्या स्टुलावर बसून म्हणतात, माझ्या गाडीत दोष नव्हता, पोराने वळण चुकवलं. रोज म्हणतात. मी म्हणते हो. पोराची चूक म्हणून ते जगतील. तुमच्या कागदाने ते उलटं होईल. माझं नाव घातलंत तर मी वकील बघेन, वर्कशॉप भाड्याने देईन, काहीही करेन. पण हे त्यांना वाचून कोण दाखवणार? मीच ना. त्यांना वाचता येत नाही आता.’

चहा पातेल्यातच होता. त्यावर साय धरली होती.

बाईंनी पिशवी उचलली. दारात थांबून त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘स्टीअरिंगवरची चिकटपट्टी. ती कोणी हलवली?’

‘कसली?’ थोरली म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

बाईंनी सांगितलं. थोरलीने दोन बोटं एकमेकांना जुळवली आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.

‘बारा मिलिमीटरला स्टीअरिंग तेवढंच वाकडं होतं,’ ती म्हणाली. ‘दोन बोटं डावीकडे. सूत लावायच्या आधी, पहिल्याच दिवशी, आम्ही पाहिलं होतं. त्याला बघताक्षणी कळलं असणार काय झालंय ते. बाहेर पडल्या पडल्या.’

‘कळलं तर तो परत का फिरला नाही?’

‘आठला हजेरी होती.’ मग म्हणाली, ‘आणि परत आला असता तर आप्पांना सांगावं लागलं असतं.’

धाकट्याने गाडी कुठेतरी कडेला घेतली होती, जुनी पट्टी काढली होती, नवी फाडून नव्या मध्यावर लावली होती, आणि पुढे गेला होता. धावपट्टीवर कोणी आत डोकावलं असतं तर गाडी सरळ दिसली असती.

७

गुरुवारी बाईंनी अहवालाचा पहिला रकाना भरला. यांत्रिक दोष होता. मागचा आस, डावं चाक बारा मिलिमीटर मागे, धडकेपूर्वी बारा तासांच्या आत. मोजमापं सोबत जोडली. वेल्डिंगची जागा, आठ आटे, टायर, पट्टा, प्रत्येकाला एक ओळ. दुसऱ्या रकान्यात त्यांनी पेन टेकवलं, शाईचा एक ठिपका पडला आणि त्यांनी पेन उचललं.

थोरलीचा सहीचा जबाब त्याच दुपारी ठाण्यात आला. दांड्या शनिवारी रात्री मी सारख्या केल्या, असं त्यात होतं. खाली तिची सही, आणि साक्षीदार म्हणून जावयाची. जावयाने हवालदाराला सांगितलं, ‘मला विचारू नका. मला सही कर म्हणाली, मी केली. पहिल्यांदाच कोणी काही करायला सांगितलं.’

हा जबाब खोटा आहे हे बाईंना माहीत होतं. तो खोटा ठरवायचा तर आप्पांचा जबाब लागणार होता.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला हवालदाराने धाकट्याच्या मोबाइलची यादी आणून टेबलावर ठेवली. काच फुटली होती, पण कंपनीकडून नोंदी आल्या होत्या. रविवारी त्याने एकच फोन केला होता. सहा वाजून बावीस मिनिटं, धडकेच्या एकोणीस मिनिटं आधी. फोन लागला तो मोबाइलचा मनोरा, बायपासवरच्या पेट्रोल पंपाजवळचा, वर्कशॉपपासून चार किलोमीटर.

थोरलीला केलेला नव्हता. जावयालाही नाही. नंबर वर्कशॉपचा होता. खांबावरचा तारेचा फोन.

फोन उचलला गेला होता. बोलणं एकेचाळीस सेकंद.

बाईंनी ती ओळ पट्टी लावून वाचली, मग पट्टी काढून पुन्हा वाचली. रविवारी पहाटे त्या इमारतीत एकच माणूस होता आणि त्याने सोमवारी सांगितलं होतं की तो झोपला होता.

त्यांनी तोच नंबर फिरवला. दुसऱ्या घंटेला उचलला गेला.

‘बोला,’ आप्पा म्हणाले.

बाईंनी नाव सांगितलं. मग तारीख, वेळ, नंबर आणि बोलण्याचे सेकंद सांगितले, आणि विचारलं, धाकट्याने काय सांगितलं आणि तुम्ही त्याला काय सांगितलंत. पलीकडे हवेचा कॉम्प्रेसर चालू होता. टाकी भरली तसा तो आपोआप बंद झाला, आणि मग फक्त पान्याचा आवाज राहिला. थोरली काम करत होती.

‘मी झोपलो होतो,’ आप्पा म्हणाले. ‘सांगितलंय तुम्हाला.’

‘हो.’



‘किती सेकंद म्हणालात?’

‘एकेचाळीस.’

‘हं,’ आप्पा म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला, पान्याचा आवाज होता त्या बाजूला ऐकू जाऊ नये इतका. ‘थोरलीला हे दाखवलंत?’

‘अजून नाही.’

म्हणजे थोरली त्यांच्यापासून जे झाकत होती, ते त्यांना रविवार सकाळपासून ठाऊक होतं. फोन आप्पांनी ठेवला. बाईंनी केलेल्या नोंदीप्रमाणे तेव्हा दहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

संध्याकाळी पाच वाजता कार्यालय बंद झालं, तेव्हा दुसऱ्या रकान्यात शाईचा तो एक ठिपकाच होता.